सामाईक क्यूंमध्ये हॅशने क्लायंट वाटायचे आहेत: किती क्यू, कोणता हॅश, आणि पुढे वाढवायच्या कशा?

रांगेत_उभा

सध्याची मांडणी: रॅबिटएमक्यू (संदेश रांगेत ठेवून पुढे देणारा ब्रोकर), एकच क्यू, तिच्यावर २० कन्झ्युमर (संदेश उचलून काम करणारे प्रोग्राम). क्लायंट साधारण १८००. एका संदेशाला सरासरी ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला ५०० संदेश निघतात. एरवी काही अडचण नाही. पण एखाद्या क्लायंटने मोठी फाइल आयात केली की एका दमात दोन लाख संदेश क्यूत येऊन पडतात आणि पुढची जवळजवळ सात मिनिटं बाकीचे सगळे ताटकळत बसतात.

प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र क्यू द्यायचा विचार केला, पण १८०० क्यू, त्यांचे कन्झ्युमर, नवा क्लायंट आला की नवी क्यू, हे सांभाळणं जड वाटतं. म्हणून मधला मार्ग: १६ सामाईक क्यू, आणि

क्यू = हॅश(क्लायंट_आयडी) % १६

(हॅश म्हणजे आयडीवरून काढलेला आकडा, % म्हणजे भागाकाराची बाकी.)

अट एकच. एका क्लायंटचे संदेश क्रमाने प्रक्रियेला गेले पाहिजेत. 'बिल दुरुस्त केलं' हा संदेश 'बिल तयार केलं'च्या आधी लागू झाला तर घोळ होतो. प्रोड्युसर (क्यूत संदेश टाकणाऱ्या सेवा) तीन भाषांत आहेत: जावा, पायथन, गो.

१६ पुरे आहेत का? हॅश कोणता घ्यावा? उद्या १६ च्या २० करायच्या झाल्या तर काय होईल? आणि दोन-तीन क्लायंट बाकीच्यांपेक्षा फारच मोठे आहेत, त्यांचं काय करायचं?

---

बाकीशून्य

हॅशपुरतं सांगतो, कारण तीन भाषा म्हटल्यावर पहिला खड्डा तिथेच आहे.

भाषेत आयता मिळणारा हॅश वापरू नका. पायथनचा हॅश() स्ट्रिंगसाठी ३.३ पासून दर प्रोसेसला वेगळं बीज (हॅशमध्ये मिसळायचा यादृच्छिक आकडा) घेतो. त्यामुळे एकाच मशिनवरच्या दोन वर्कर प्रोसेस एकाच क्लायंटला दोन वेगळ्या क्यूंत टाकतील. चाचणीत हे दिसत नाही, कारण तिथे प्रोसेस एकच असते. गोमधला मॅपहॅशही असाच, बीज दर वेळी नवं.

जावाचा स्ट्रिंग हॅशकोड स्थिर आहे, त्याचं सूत्र जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेलं आहे. पण तो ऋण येऊ शकतो, आणि जावात ऋण संख्येची बाकीही ऋणच येते. मग लोक मॅथ.एब्स (ऋण चिन्ह काढणारं फंक्शन) लावतात, आणि सर्वांत लहान ३२-बिट संख्येचं एब्ससुद्धा ऋणच राहतं. क्यूंची संख्या दोनाचा घात नसेल, उदाहरणार्थ २०, तर असा संदेश 'क्यू वजा अमुक'कडे निघतो आणि कुठेच पोहोचत नाही. फ्लोअरमॉड (इथे बाकी कधीच ऋण न देणारं फंक्शन) वापरलं की हा त्रास जातो, पण त्याहून खोल अडचण उरते. त्या सूत्रात प्रत्येक पायरीला ३१ ने गुणाकार होतो, आणि ३१ ला १६ ने किंवा ३२ ने भागलं की बाकी म्हणजे वजा एकच. म्हणजे १६ किंवा ३२ क्यू असतील तर तुमचा 'हॅश' म्हणजे अक्षरांच्या कोडांची आळीपाळीने केलेली अधिक-वजा बेरीज, एवढंच उरतं. "१२", "२३" आणि "३४" हे आयडी साध्या आस्की अंकांत घालून बघा: हॅशकोड येतात १५६९, १६०१, १६३३. तिघांचीही १६ ने बाकी १. लांब, वेड्यावाकड्या आयडींना हे फारसं जाणवत नाही. छोट्या आकडी आयडींना लगेच जाणवतं.

'आयडी आकडाच आहे, मग हॅश कशाला, थेट आयडी % १६ करू' हाही सल्ला मिळेल. डेटाबेसमध्ये ऑटो-इन्क्रिमेंटची पायरी २ ठेवलेली असेल (दोन मास्टर असताना ठेवतात) तर सगळे आयडी सम किंवा सगळे विषम येतात आणि आठ क्यू कायम रिकाम्या राहतात.

म्हणून सरळ एमडी५ किंवा एसएचए-२५६ घ्या, पहिले ८ बाइट बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी), बिनचिन्ही पूर्णांक म्हणून वाचा आणि मग बाकी काढा. इथे सुरक्षिततेचा संबंध नाही. तिन्ही भाषांत तोच आकडा येतो आणि वाटप सारखं होतं, एवढंच हवं आहे. ४० मिलिसेकंदांच्या कामापुढे त्याचा वेळ मोजण्याइतकाही नसतो. जावात लाँग चिन्हांकित असतो, तेव्हा तिथे बाकी काढताना रिमेंडर-अनसाइन्ड वापरा.

हॅशच्या आधी आयडीचं एकच रूप ठरवून घ्या. एका सेवेत १२३ हा आकडा, दुसरीत "००१२३" ही स्ट्रिंग. एकीकडे यूयूआयडी मोठ्या लिपीत, दुसरीकडे लहान. शेवटी चुकून राहिलेली स्पेस. हॅशला हे सगळे वेगळे क्लायंट दिसतात. दहा-बारा आयडी आणि त्यांचे अपेक्षित क्यू क्रमांक एका फाइलीत ठेवा आणि तिन्ही सेवांच्या चाचण्यांनी तीच फाइल वाचली पाहिजे अशी सक्ती करा.

अवांतर: काफ्कावर (रॅबिटएमक्यूसारखी दुसरी संदेशप्रणाली) गेलात तरी हे भूत सुटत नाही. संदेशाला 'की' (जिच्यावरून वाटप होतं ती खूण) असेल तर जावाची काफ्का लायब्ररी मर्मर२ हा हॅश वापरते, तर लिबआरडीकाफ्का या सी लायब्ररीवर उभ्या असलेल्या लायब्ररी मुळात सीआरसी३२ वापरतात. एकच की, पार्टिशन (काफ्कातली क्यू) दोन. लिबआरडीकाफ्काच्या बाजूला पार्टिशनर 'मर्मर२_रँडम' असा बदलावा लागतो.

---

निमूट

+१. पण मूळ आकडेमोड कोणी बघितली का? मला तर १६ क्यूंनी परिस्थिती बिघडताना दिसते आहे.

आधी एक गोष्ट: एका क्यूवर २० कन्झ्युमर असताना क्रम आजही पाळला जात नाहीये. 'तयार' एकाने उचलला, 'दुरुस्त' दुसऱ्याने; ज्याचं आधी उरकेल ते आधी लागू होईल. क्रम हवा तर एका क्यूवर एका वेळी एकच कन्झ्युमर हवा. रॅबिटएमक्यू ३.८ पासून त्यासाठी सिंगल-ॲक्टिव्ह-कन्झ्युमर आहे: क्यू जाहीर करताना तो चालू ठेवा, दोन-तीन कन्झ्युमर जोडा, काम एकालाच मिळेल आणि तो पडला की दुसरा पुढे येईल.

आता तुमचा आयातवाला क्लायंट घ्या. दोन लाख संदेश, ४० मिलिसेकंद, एकच कन्झ्युमर: ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. आज त्याला सात मिनिटं लागतात. १८०० भागिले १६ म्हणजे त्याच्या क्यूत सरासरी ११०-११२ शेजारी. ते आज सात मिनिटं थांबतात, उद्या दोन तास थांबतील. बाकीचे १६८७ जण मजेत.

क्यू वाढवल्याने शेजारी कमी होतात, थांबण्याचा काळ नाही. ६४ क्यूंमध्ये साधारण २७ शेजारी, २५६ मध्ये सहा. दोन तास मात्र तेवढेच.

---

चिरेबंदी

निमूट यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. संख्येबद्दल थोडी भर घालतो.

क्लायंटांची *संख्या* हॅश चांगली वाटतो. १८०० क्लायंट १६ क्यूंत: सरासरी ११२.५, प्रमाण विचलन १०.३ च्या आसपास, सर्वांत भरलेल्या क्यूत साधारण १३० क्लायंट. हे कोणालाही चालेल. (क्लायंट कमी असतील तर मात्र फसगत होते. ४० क्लायंट १६ क्यूंत टाकले तर सरासरीने एखादी क्यू रिकामीच राहते आणि एखादीत पाच-सहा जण दाटीवाटीने बसतात.) पण क्यूला क्लायंट मोजून काही फरक पडत नाही, तिला संदेश दिसतात. एकच क्लायंट ३० टक्के वाहतूक पाठवत असेल तर १६ मधल्या त्याच्या क्यूवर ३४ टक्क्यांहून जास्त भार येतो आणि बाकीच्या पंधरांवर प्रत्येकी चार-साडेचार. जगातला सर्वांत चांगला हॅशसुद्धा यात काही करू शकत नाही, कारण एका कीचे तुकडे करणं हे त्याचं कामच नाही.

म्हणून विचारतो: क्रम खरंच *क्लायंटचा* हवा आहे की *बिलाचा*? उदाहरण तर तुम्ही बिलाचंच दिलंत. बिलाचा पुरत असेल तर की बदलता येते. मात्र क्लायंट आयडी आणि बिल क्रमांक जोडून सरळ सगळ्या क्यूंवर हॅश करू नका. तसं केलं तर आयातवाला सगळ्या क्यूंत पसरतो आणि पुन्हा सगळेच अडकतात. मधला मार्ग असा:

क्यू ६४ ठेवा. प्रत्येक क्लायंटसाठी ६४ वेळा हॅश(क्लायंट_आयडी + "|" + क्यू_क्रमांक) काढा आणि ज्या चार क्यूंचा आकडा सर्वांत मोठा येईल त्या चार त्याच्या. ही यादी मेमरीत ठेवून द्या, दर संदेशाला काढू नका. मग संदेशासाठी हॅश(बिल_क्रमांक) % ४, त्या चारांपैकी एक. यादीतल्या चारांची मांडणीही ठरलेली हवी, नाहीतर दोन प्रोड्युसर दोन वेगळ्या क्यू निवडतील.

६४ मधून ४ निवडण्याचे ६,३५,३७६ प्रकार होतात. कोणतेही दोन क्लायंट घेतले तर सुमारे ७७ टक्के वेळा त्यांची एकही क्यू सामाईक नसते, २१.५ टक्के वेळा एकच असते, दोन किंवा अधिक असण्याची शक्यता पावणेदोन टक्क्यांच्या आत. आयातवाल्याला चार कन्झ्युमर मिळतात, त्याचं काम ८००० ऐवजी २००० सेकंदांत उरकतं. याला शफल शार्डिंग म्हणतात. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) सेवेत २०४८ आभासी नेमसर्व्हरमधून प्रत्येक ग्राहकाला चार देतात ते याच तत्त्वावर.

एक मर्यादा मात्र लपवत नाही. डीएनएसमध्ये चारातला एक बंद असला तर विचारणारा दुसऱ्याकडे जातो. इथे क्रमामुळे बिलाची क्यू ठरलेली आहे, दुसरीकडे वळता येत नाही. म्हणजे ज्याची एक क्यू आयातवाल्याशी सामाईक आहे त्याची साधारण चौथाई बिलं अर्धा तास अडकणार. सव्वादोन तासांपेक्षा बरं, पण 'अडचण संपली' असं नव्हे.

---

रांगेत_उभा

सव्वादोन तासांचं गणित लक्षातच आलं नव्हतं. क्रम बिलापुरता पुरेल, ते तपासून घेतलं. पण मग क्यूंची संख्या बदलायची झाली तर? आणि रॅबिटएमक्यूचं कन्सिस्टंट हॅश एक्स्चेंज प्लगइन आहे (एक्स्चेंज म्हणजे आलेला संदेश कोणत्या क्यूत जाईल ते ठरवणारा भाग), त्याने हे सगळं आयतं होत नाही का?

---

बाकीशून्य

प्लगइन वाटप करतं. प्रोड्युसरने राउटिंग कीमध्ये हॅश करायचं ते घालायचं, किंवा एक्स्चेंज जाहीर करताना हेडरचं नाव द्यायचं. बाइंडिंगच्या (क्यू एक्स्चेंजला जोडण्याच्या) कीच्या जागी क्यूचं वजन द्यायचं, "१" असा स्ट्रिंगमधला आकडा. बऱ्याच जणांना ती नेहमीची राउटिंग की वाटते आणि तिथे क्यूचं नाव घालतात. ते चालत नाही. सर्व क्यूंचं वजन १ ठेवा. शफल शार्डिंग त्यात बसत नाही, ते प्रोड्युसरलाच करावं लागेल.

आणि नवी क्यू बाइंड केली की त्या क्षणापासून काही की नव्या क्यूत जायला लागतात. जुन्या क्यूत त्यांचे आधीचे संदेश पडलेले असतातच. क्रम गेला. कन्सिस्टंट हॅशने *किती* की हलतात ते कमी होतं. हलणाऱ्या कीचा क्रम टिकवणं तुमच्यावरच. साध्या बाकीने १६ च्या १७ केल्या तर ९४ टक्के की हलतात, कन्सिस्टंट पद्धतीने सहा टक्क्यांच्या आसपास. त्या सहा टक्क्यांचा क्रमही मोडायला नकोच आहे ना?

---

चिरेबंदी

संख्या बदलण्याबद्दल. २० करू नका, दुप्पट करा. साध्या बाकीची एक सोयीची गोष्ट लोक विसरतात: १६ च्या ३२ केल्या तर प्रत्येक की एकतर जागीच राहते किंवा बरोबर १६ ने पुढे जाते. क्यू ३ मधल्या की ३ मध्ये राहतील किंवा १९ मध्ये जातील, तिसरीकडे कुठेच नाही. म्हणजे प्रत्येक नव्या क्यूला जुनी क्यू एकच. (शफल शार्डिंगच्या चार क्यूंना हे लागू नाही, तिथे एका नव्या क्यूत अनेक जुन्यांतून की येतात, तेव्हा सगळ्या जुन्यांची वाट बघावी लागते. त्यामुळे ६४ पहिल्यापासूनच घेतलेल्या बऱ्या.)

क्रम न मोडता दुप्पट करायची रीत:

१. क्यू १६ ते ३१ जाहीर करा. कन्झ्युमर जोडू नका.

२. वाटपाचं नवं कोष्टक, आवृत्ती २, सर्व प्रोड्युसरना द्या. प्रत्येक प्रोड्युसरने आधी आपले हवेत असलेले पब्लिश पूर्ण करायचे, म्हणजे ब्रोकरकडून कन्फर्म येईपर्यंत थांबायचं. मगच आवृत्ती २ लावायची आणि 'लावली' म्हणून पोच द्यायची.

३. *सर्वांची* पोच आल्यावर क्यू ० ते १५ मध्ये प्रत्येकी एक खूण-संदेश टाका.

४. क्यू ३ च्या कन्झ्युमरने खूण उचलली, म्हणजे त्याआधीचं सगळं झालं. आता १९ वर कन्झ्युमर सुरू करा. १५ आणि ३१ पर्यंत असंच.

मधल्या काळात १९ मध्ये संदेश नुसते साठत राहतात. तो काळ क्यू ३ मध्ये किती तुंबलं आहे त्यावर ठरतो, म्हणून हे वाहतूक कमी असताना आणि साठा जवळजवळ शून्यावर असताना करायचं.

हे फसतं ते दोन ठिकाणी. पहिलं, कन्झ्युमर आतमध्ये थ्रेड-पूल चालवत असेल तर प्रीफेच करून (संदेश आगाऊ उचलून ठेवून) घेतलेली खूण आधीच्या संदेशांच्या अगोदर उरकू शकते. खुणेची पोच आधीच्या सगळ्यांच्या पोचा गेल्यावरच द्या, किंवा प्रीफेच १ ठेवून एकाच थ्रेडवर चालवा. दुसरं, आणि हे हमखास राहून जातं: रीट्राय. अपयशी संदेश डेड-लेटर एक्स्चेंजमार्फत (नाकारलेले संदेश दुसरीकडे वळवणारं एक्स्चेंज) टीटीएल, म्हणजे ठरावीक मुदत, असलेल्या क्यूत जातो आणि पाच मिनिटांनी परत येतो. तेव्हा खूण कधीच पुढे गेलेली असते आणि नव्या क्यूने त्याच बिलाचे पुढचे संदेश उरकलेले असतात. रीट्रायच्या क्यू रिकाम्या झाल्याशिवाय खूण टाकायची नाही. खरं तर अशा रीट्रायने क्रम एरवीही मोडतोच. क्रम कडक हवा असेल तर जागच्या जागी थांबून पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर प्रत्येक संदेशात बिलाचा आवृत्ती-क्रमांक ठेवून जुना आला तर सोडून द्या. दुसरा पर्याय मला जास्त भरवशाचा वाटतो.

---

मधली_सुटी

वरचं सगळं बरोबर आहे, पण दोन लाख संदेश क्यूत एकदम टाकायचेच कशाला?

आयातीची फाइल डेटाबेसमध्ये ओळींच्या रूपात ठेवा. एक छोटं काम त्यातून संदेश सोडत राहील, पण एका क्लायंटचे न उरकलेले आयात-संदेश कधीही ५०० च्या वर जाऊ देणार नाही. शंभर उरकले की पुढचे शंभर सोडायचे. मग एकाच कन्झ्युमरच्या क्यूतसुद्धा शेजाऱ्याला आयातीमुळे जास्तीत जास्त ५०० × ४० मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद थांबावं लागेल. दोन तास गेले, सात मिनिटंही गेली. आयात स्वतः सावकाश होईल, पण ती करणाराही ती लगेच होईल अशा अपेक्षेने बसलेला नसतो.

'उरकलेले' मोजायला रेडिसमध्ये (मेमरीतला डेटासाठा) नुसता अधिक-वजा काउंटर ठेवू नका. कन्झ्युमर पोच देऊन काउंटर कमी करायच्या आधी पडला की कमी करणं राहूनच जातं, किंवा कमी करून पोच द्यायच्या आधी पडला की संदेश पुन्हा येतो आणि कमी दोनदा होतं, आणि हळूहळू आकडा सरकतो. शेवटी आयात ५०० वर अडकून बसते. ओळींवरच 'सोडली' आणि 'झाली' अशी स्थिती ठेवा आणि त्यावरून मोजा.

हॅश हवाच, समांतर काम आणि क्रम त्यानेच मिळतो. एकाच्या गर्दीपासून दुसऱ्याला वाचवणं मात्र त्याच्यावर सोडू नका.

---

रांगेत_उभा

मग असं ठरवतो आहे: ६४ क्यू, क्लायंटमागे चार, एसएचए-२५६ चे पहिले ८ बाइट, आयातीला ५०० ची खिडकी, संदेशात बिलाचा आवृत्ती-क्रमांक. तीन मोठ्या क्लायंटना कोष्टकात नाव घालून स्वतंत्र क्यू; कोष्टक आधी बघायचं, नाव नसेल तरच हॅश. कोष्टक वाचता आलं नाही तर सरळ हॅशवर जायचं. काही सुटतंय का?

---

निमूट

शेवटचं वाक्य काढा. कोष्टक वाचता आलं नाही म्हणून हॅशवर गेलात तर मोठा क्लायंट त्या प्रोड्युसरपुरता स्वतंत्र क्यूतून सामाईक क्यूंत येईल: क्रमही गेला आणि शेजारीही तुंबले. शेवटची वाचलेली आवृत्ती डिस्कवर ठेवा आणि तीच वापरत राहा. तीही नसेल, म्हणजे नवी प्रोसेस आणि कोष्टक नाही, तर प्रोड्युसरने सुरूच व्हायचं नाही.

आणि अलर्ट क्यूच्या लांबीवर लावू नका, सर्वांत जुन्या संदेशाच्या वयावर लावा. ३००० संदेश दोन मिनिटांत निघतात, आणि कन्झ्युमर मेलेल्या क्यूत १२ संदेश सकाळपासून पडून असू शकतात. वय मोजायला प्रोड्युसरने टाइमस्टॅम्प घालायला हवा, रॅबिटएमक्यू तो आपणहून घालत नाही.